दाढ उपटण्याची घाई नको!
खोल किडलेल्या दाढेचा जीव वाचवता येतो

आपल्या वस्तीत दाढ दुखू लागली की तिचा निवाडा फार लवकर होतो. शेजारीण म्हणते, ‘काढून टाक.’ सासू म्हणते, ‘काढून टाक.’ कामावरचा मुकादमही तेच सांगतो. एकदाची काढली की कटकट गेली, असा सगळ्यांचा हिशेब. या हिशेबात एक गोष्ट मात्र कोणी धरत नाही. दुखणे सुरू झाले तेव्हा ती दाढ बहुतेक वेळा आतून जिवंत असते, आणि वेळेवर हात दिला तर ती पुढेही जिवंत राहू शकते.

गोंदिया जिल्ह्याच्या पूर्वेला, छत्तीसगडच्या सीमेला लागून असलेला सालेकसा तालुका घ्या. धानाची शेती, जंगल, उन्हाळ्यात तेंदूपत्ता आणि बाकीचे दिवस मिळेल ती मजुरी. हावडा-मुंबई रेल्वेमार्गावर सालेकसा स्टेशन आहे. पण दाढेसाठी गोंदियाला जायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली. तिकीट आणि चहापाणी वेगळे. दोन-तीन खेपा घालाव्या लागल्या तर घरखर्चाचा मेळच बसत नाही. म्हणून माणूस दुखणे अंगावर काढतो. रात्र रात्र झोप लागेनाशी झाली की मग दवाखाना गाठतो, आणि तोवर दाढेत वाचवण्यासारखे फारसे उरलेले नसते. डॉक्टर ती काढून देतात. यात एकट्या डॉक्टरचा दोष नाही आणि रोग्याचाही नाही. पण त्यातून एक रीत पडून गेली आहे. पैसेवाल्याची दाढ भरायची आणि मजुराची उपटायची. ही रीत आपण निमूटपणे का मान्य करावी? ती मोडायची असेल तर आधी दाढेच्या आत काय चालते ते समजून घ्यावे लागेल.

दाढेच्या आतला गवंडी

दाढ म्हणजे तोंडात रोवलेला दगड, असा आपला समज असतो. तो खरा नाही. दाढेचा सर्वांत वरचा पांढरा थर इनॅमलचा. आपल्या शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ. त्याला स्वतःला वेदना कळत नाही. त्याच्या खाली डेंटीन नावाचा पिवळसर थर असतो. त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य बारीक नळ्या असतात आणि त्या नळ्यांत पातळ द्रव असतो. गार पाणी लागले, गोड लागले की हा द्रव हलतो आणि कळ उठते. अगदी मध्यभागी मऊ, लालसर गर असतो. पुस्तकात त्याला दंतमज्जा म्हणतात, दवाखान्यात त्यालाच ‘नस’ म्हणतात. त्यात रक्तवाहिन्या आहेत, मज्जातंतू आहेत आणि डेंटीन तयार करणाऱ्या पेशी आहेत.

हा गर केवळ दुखण्यासाठी दिलेला नाही. तो दाढेचा गवंडी आहे. बाहेरून कीड पुढे सरकू लागली की तो आतल्या बाजूने नवे डेंटीन रचून भिंत जाड करतो. कीड सावकाश चालत असेल तर त्याची भिंत पुरी पडते. कीड वेगाने आली तर त्याला वेळच मिळत नाही. खोल किडलेली दाढ भरताना डॉक्टरांचे खरे कसब खड्डा बुजवण्यात नाही, तर या गवंड्याला जिवंत ठेवण्यात आहे.

कीड मागच्याच दाढांना जास्त का लागते, असे आया-बहिणी विचारतात. दाढांच्या माथ्यावर खोल खाचा असतात, त्यांत अन्न अडकते. मागे ब्रश नीट पोहोचत नाही. दोन दाढांच्या मधल्या फटीतली कीड तर आरशातही दिसत नाही. शिवाय दाढेला दोन किंवा तीन मुळे असतात आणि त्यांत बहुधा तीन-चार नळ्या असतात. गर मेला तर त्या सगळ्या नळ्या साफ करून भराव्या लागतात. यालाच रूट कॅनाल म्हणतात. उपचार चांगला आहे, पण त्याला वेळ आणि पैसा लागतो, आणि वर टोपी बसवावी लागली तर खर्च आणखी वाढतो. म्हणून मागच्या दाढेचा गर आधीच वाचवणे हे गरीब कुटुंबाच्या सर्वांत फायद्याचे आहे.

कीड म्हणजे किडा नव्हे

दाढेतला किडा काढून दाखवणारे लोक आपण आठवडी बाजारांत आणि जत्रांत पाहिले आहेत. रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकायच्या, नळीने तोंडात धुरी द्यायची, आणि पाण्यात पडलेले पांढरे कण दाखवून म्हणायचे, ‘हे बघा किडे!’ ते कण बियांचेच असतात. दाढेत किडा नसतोच, तर निघणार कोठून? फ्रान्समधील पिअर फोशार या दंतवैद्याने १७२८ साली आपल्या ग्रंथात किड्याची ही कल्पना नाकारली. पुढे विलोबी मिलर यांनी बर्लिनमध्ये प्रयोग करून १८९० साली खरे कारण मांडले. तोंडातील सूक्ष्म जंतू साखर आणि पिठूळ अन्न खातात, त्यातून आम्ल तयार करतात, आणि ते आम्ल दाढ विरघळवते. कारणाशिवाय कार्य घडत नाही, ही तथागतांची शिकवण मानणाऱ्या आपल्या समाजाला हे समजायला अवघड जाऊ नये. कारण जंतू आणि साखर हे आहे. मग उपाय धुरीत कसा सापडेल?

दुखण्याची भाषा ओळखा

दाढ आपल्याशी बोलत असते. तिचे ऐकले तर अर्धे काम होते.

गार पाणी किंवा गोड लागल्यावर कळ येते आणि काही क्षणांत थांबते. याचा अर्थ गर चिडलेला आहे, पण जिवंत आहे. हीच दाढ भरण्याची वेळ. नेमक्या याच वेळी आपण दुसऱ्या बाजूने चावू लागतो आणि दवाखाना टाळतो.

काही कारण नसताना ठणका लागतो, आडवे झाल्यावर वाढतो, रात्री झोपेतून उठवतो, गरम चहाने सुरू झालेली कळ बराच वेळ राहते. याचा अर्थ गराला जबर सूज आली आहे. अशा वेळी बहुधा रूट कॅनाल करावे लागते. काही रोग्यांत गराचा फक्त वरचा बिघडलेला भाग काढून मुळांतला भाग जिवंत ठेवता येतो. ते तपासणीनंतरच ठरते.

पुष्कळ दिवस ठणकणारी दाढ एकाएकी शांत झाली, तर ‘बरी झाली’ असे समजू नका. अनेकदा गर मेलेला असतो आणि कीड मुळाखाली उतरलेली असते. पुढे हिरडीवर पुळी येते, पू येतो, गाल सुजतो. गालाच्या सुजेबरोबर ताप असेल, तोंड उघडत नसेल, गिळता येत नसेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. हे दुखणे जिवावर बेतू शकते.

जुना दंडक आणि नवे ज्ञान

दाढ भरण्याचा जुना दंडक असा होता की किडलेला भाग टणक थर लागेपर्यंत पूर्ण खरवडून काढायचा. थोडीही कीड आत राहता कामा नये. ऐकायला बरोबर वाटते. पण खोल खड्ड्यात असे खरवडताना गराला भोक पडे, आणि वाचू शकणारा गर हातचा जाई.

हा दंडक बदलला तो प्रयोगांमुळे. १९६५ साली अमेरिकेत काकेहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या दाढांचा गर मुद्दाम उघडा केला. साध्या उंदरांत तो सडून मेला. पण जन्मापासून जंतूविरहित जागेत वाढवलेल्या उंदरांत तोच उघडा गर जिवंत राहिला आणि त्याने स्वतःवर डेंटीनचा पूल बांधला. म्हणजे गराचा शत्रू जखम नाही, जंतू आहेत. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अमेरिकन अभ्यासात किडलेल्या खड्ड्यांवर घट्ट भरण बसवून दहा वर्षे लक्ष ठेवले गेले. झाकण घट्ट राहिले तेथे आतली कीड पुढे सरकली नाही. जंतूंची रसद तुटली की ते दुबळे होतात.

अशा पुराव्यांच्या आधारे २०१६ साली अनेक देशांतील तज्ज्ञांनी एकत्र येऊन शिफारस केली. खोल दाढेत खड्ड्याच्या कडा पूर्ण स्वच्छ, टणक करा; पण गराच्या अगदी वरचा मऊ थर हट्टाने काढू नका. वरून दाढ घट्ट बंद करा. आपले डॉक्टर तळाशी थोडा तपकिरी थर ठेवून दाढ भरत असतील, तर त्यांनी काम अर्धवट टाकले असे समजू नये. ते जाणूनबुजून गर वाचवत असतील.

काम साधारण असे चालते. आधी गार लावून दाढ जिवंत आहे का ते पाहतात आणि एक्स-रे काढतात. मग बधिर करण्याचे इंजेक्शन देतात. लाळ आत जाऊ नये म्हणून कापूस किंवा रबरी पडदा लावतात. कडेची कीड पूर्ण काढतात, तळाशी चमच्यासारख्या अवजाराने हलक्या हाताने काम करतात. मग तळावर औषधाचा पातळ थर, त्यावर सिमेंट आणि वर पक्के भरण. काही डॉक्टर आधी तात्पुरते भरण करून सहा महिने ते वर्षभर थांबतात, तेवढ्यात गराला आपली भिंत रचायला सवड मिळते, आणि मग पक्के भरतात. अशा वेळी ‘आता दुखत नाही’ म्हणून दुसरी खेप चुकवू नये. तात्पुरते भरण झिजते, फट पडते, आणि जंतू पुन्हा आत शिरतात.

चांदीचे भरण ज्यांनी केले आहे त्यांनाही हे माहीत असावे. चांदी धातू आहे, ती गारवा आणि उष्णता लगेच आत पोचवते. म्हणून खोल खड्ड्यात तिच्याखाली सिमेंटचा थर लागतोच.

चुना आणि सिमेंट

गराजवळ ठेवायची औषधे कोणती, हे ऐकून आपल्यातील गवंडीकाम करणाऱ्यांना नवल वाटेल. हर्मन या जर्मन दंतवैद्याने १९२० साली कॅल्शियम हायड्रॉक्साइड वापरात आणले. रसायन म्हणून पाहिले तर तो विझवलेला चुनाच. तो जंतूंना मारतो आणि गराला नवे डेंटीन रचायला चेतवतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमटीए नावाचे औषध तयार केले. त्याचा मुख्य भाग बांधकामाच्या पोर्टलँड सिमेंटच्याच जातीचा आहे, मात्र शुद्ध केलेला. ते ओलाव्यातच घट्ट होते आणि फट राहू देत नाही. गर थोडासा उघडा पडला आणि रक्त काही मिनिटांत थांबले, तर त्यावर हे औषध ठेवून गर वाचवण्याचा प्रयत्न करता येतो.

पण आम्ही हात जोडून सांगतो की हे वाचून कोणी डबीतला चुना दाढेत भरू नये. खर्ऱ्याचा चुना हिरडी आणि गाल भाजतो. औषधाचा चुना शुद्ध असतो, मोजून ठेवलेला असतो आणि त्यावर झाकण असते. फरक एवढा मोठा आहे.

सहाव्या वर्षी येणारी दाढ

आता आई-वडिलांसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मूल साधारण सहा वर्षांचे झाले की दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून तिचे येणे घरात कोणाला कळत नाही. ही दाढ दुधाची नसते, कायमची असते. किडली की आपण म्हणतो, ‘जाऊ द्या, पडून दुसरी येईल.’ ती पडत नाही आणि दुसरी येत नाही.

या वयात गर वाचवणे आणखी मोलाचे असते. दाढ तोंडात दिसू लागते तेव्हा तिची मुळे पूर्ण तयार नसतात. ती पूर्ण व्हायला पुढची सुमारे तीन वर्षे लागतात, आणि मुळे बांधण्याचे काम तोच जिवंत गर करतो. सातव्या वर्षी गर मेला तर मुळे आखूड आणि पातळ राहतात. अशी दाढ पुढे सहज तुटते. ती काढून टाकली तर मागची दाढ पुढे कलते, समोरची दाढ रिकाम्या जागेत लांबते, आणि मूल एका बाजूने चावायला शिकते. पण लहान वयात गराची बरे होण्याची ताकदही मोठी असते. म्हणून मुलाची खोल किडलेली दाढ वेळेवर नेली तर ती वाचण्याची आशा चांगली असते.

यासाठी एक सोय आपल्या दारात आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शासकीय शाळांतील मुलांची तपासणी होते आणि दात किडणे हा त्यात तपासायचा आजार आहे. पथक शाळेत येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. पथकाने चिठ्ठी दिली तर ती वहीत जपून ठेवू नका, दवाखान्यात घेऊन जा.

घरचे उपाय

दवाखाना गाठेपर्यंत लवंगेच्या तेलाचा बोळा दाढेवर थोडा वेळ ठेवायला हरकत नाही. लवंगेतील युजेनॉल कळ शांत करते. दंतवैद्यही ते जस्ताच्या भुकटीत मिसळून तात्पुरत्या भरणासाठी वापरत आले आहेत. पण उघड्या गरावर तेच घातक ठरते, म्हणून लवंग हा एका रात्रीचा आधार आहे, उपचार नव्हे. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या चालतात. वेदनेची गोळी गिळायची असते. ती दाढेजवळ दाबून ठेवली तर गाल भाजतो. गालावर गरम शेक देऊ नये. रॉकेल, कापूर, तंबाखू दाढेत भरू नये.

आपल्या भागात खर्रा आहे, छत्तीसगडकडून आलेला गुडाखू आहे. गुडाखू घासला की दुखणे थांबते, असे अनेक माउल्या सांगतात. तंबाखूने कळ बोथट होते एवढेच. कीड आपले काम करत राहते आणि तोंडाच्या कर्करोगाला मात्र आमंत्रण जाते.

कुठे जावे, काय विचारावे

प्रथम सालेकसाच्या ग्रामीण रुग्णालयात चौकशी करावी की दंतचिकित्सकांची सोय कोठे आणि कोणत्या दिवशी आहे. पुढे गोंदियाला २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अवघड कामासाठी नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. दीक्षाभूमीमुळे नागपूरची वाट आपल्याला पाठ आहे. एक खेप दाढेसाठीही करावी. मुलांना शाळेच्या सुट्टीत न्यावे, म्हणजे दुसरी तारीखही पाळता येईल. ज्यांचे कारखान्यात ईएसआय कार्ड आहे त्यांनी ते सोबत न्यावे. त्या योजनेची पायाभरणी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना झाली आणि कायदा १९४८ साली आला. तो आपला हक्क आहे, मेहरबानी नव्हे.

फुटपाथवर बसून दाढ काढणाऱ्याकडे जाऊ नये. नोंदणीशिवाय दंतवैद्यकी करणे १९४८ च्या कायद्यानेच गुन्हा ठरवले, आणि अस्वच्छ अवजारांतून काविळीचे आणि एड्सचे जंतू पसरू शकतात.

डॉक्टरांसमोर गप्प बसू नका. नम्रपणे चार प्रश्न विचारा.

१. माझ्या दाढेची नस जिवंत आहे का?
२. ती वाचवून दाढ भरता येईल का? खाली औषधाचा थर देणार का?
३. काढायचीच असेल तर भरणे का शक्य नाही?
४. पुन्हा तपासायला कधी येऊ?

चौथा प्रश्न विसरू नका. भरल्यावर काही दिवस गारवा लागतो, तो हळूहळू कमी होतो. दाढ चावताना उंच लागली किंवा रात्री ठणका सुरू झाला तर लगेच परत जावे. दुखत नसले तरी सहा महिन्यांनी आणि वर्षाने दाखवावे, कारण गर कधी कधी आवाज न करता मरतो. प्रत्येक दाढ वाचतेच असे नाही. जी खरोखर वाचणार नाही ती काढणेच योग्य. पण तो निर्णय तपासून व्हावा, कंटाळून नव्हे.

मागणी करायला शिका

काही लोक म्हणतील, खेड्यात वीज नाही, यंत्र नाही, तिथे दाढ कोण भरणार? १९८० च्या दशकात आफ्रिकेतील टांझानियात याचे उत्तर शोधले गेले. हाताच्या अवजारांनी मऊ कीड काढायची आणि ग्लास आयनोमर सिमेंट भरायचे. ड्रिल नाही, वीज नाही. १९९४ च्या जागतिक आरोग्य दिनी जागतिक आरोग्य संघटनेने या पद्धतीचा पुरस्कार केला. गराला जबर सूज आलेल्या दाढेला ती चालत नाही. पण कीड लहान असताना ती शाळेच्या ओसरीवरही करता येते. ग्लास आयनोमर सिमेंट आणि फ्लोराइडची टूथपेस्ट २०२१ साली त्याच संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आली. म्हणजे दाढ भरणे ही चैन नाही. आपल्या महिला मंडळाने, विहार समितीने, तरुण मंडळाने ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन ग्रामीण रुग्णालयाकडे मागणी करावी की महिन्यातून ठरलेल्या दिवशी दंतचिकित्सक असावा, आणि तो दाढ काढण्यासाठीच नव्हे तर भरण्यासाठीही असावा.

आणि घरातले काम घरात व्हावे. रात्री झोपताना फ्लोराइडच्या पेस्टने दात घासावेत. पेस्ट कोणतीही स्वस्त चालेल, वेष्टनावर फ्लोराइड लिहिलेले पाहावे. लहान मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन वर्षांपुढे वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. चॉकलेट आणि बिस्किट दिवसभर चघळत ठेवण्याऐवजी जेवणाबरोबर द्यावे.

विनयपिटकात नोंद आहे की तथागतांनी भिक्षूंना दंतकाष्ठ वापरण्याची अनुज्ञा दिली. दात न घासण्याचे पाच तोटे त्यांनी सांगितले. तोंडाला दुर्गंधी येणे आणि अन्नाची रुची जाणे हे त्यांतले दोन. काडी किती लांब असावी हेही त्यांनी ठरवून दिले. अडीच हजार वर्षांपूर्वी संघाच्या शिस्तीत दातांना जागा होती. मग आपल्या घराच्या शिस्तीत ती का नसावी? येत्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा सहा ते दहा वर्षांच्या प्रत्येक मुलाला उजेडात उभे करून तोंड उघडायला सांगा आणि मागची दाढ पाहा. काळा ठिपका किंवा खड्डा दिसला तर दुखण्याची वाट पाहू नका. दुखण्याआधी नेलेली दाढ भरली जाते. दुखून दुखून नेलेली दाढ बहुधा उपटली जाते.